आधी स्वतःला घडवायचं की माणसांचं करायचं?

चिनी तत्त्वज्ञ कन्फ्यूशियसचा विषय निघाला की त्याच्या परंपरेतल्या ‘दाश्यूए’ (‘थोर विद्या’) या छोट्या ग्रंथातल्या आठ पायऱ्या हमखास सांगितल्या जातात: वस्तूंचा शोध, ज्ञानाचा विस्तार, हेतूचा प्रामाणिकपणा, मनाचा सरळपणा, स्वतःची घडण, घराची घडी, राज्याचा कारभार आणि शेवटी जगात शांतता. घोळ इथेच होतो. हा जिना आहे असं धरलं जातं. पाचवी पायरी पक्की झाल्याशिवाय सहावीवर पाय ठेवायचा नाही, म्हणजे मी घडून पुरा होईपर्यंत आईवडिलांनी, भावंडांनी वाट बघायची! मूळ मजकूर स्वतःच्या घडणीला ‘मूळ’ म्हणतो, सम्राटापासून साध्या माणसापर्यंत सगळ्यांसाठी. मुळं वाढत असतानाच फांद्याही फुटत असतात.

‘लुन्‌यू’ या कन्फ्यूशियसच्या वचनसंग्रहातला त्याचा शिष्य झेंगझी रोज तीन बाबतींत स्वतःची झडती घेतो. दुसऱ्याचं काम मनापासून केलं का? मित्रांशी शब्दाला जागलो का? शिकलेलं अंगी बाणवलं का? झडती स्वतःची, पण तीनपैकी दोन प्रश्न थेट दुसऱ्या माणसांचे. आपला ‘प्रपंच की परमार्थ’ हा साचा इथे लावूच नये, असं मला ठामपणे वाटतं.

उलट बाजूची चूकही तितकीच मोठी. आईवडिलांना जेवू घालणं म्हणजेच कर्तव्य, असं मानणाऱ्यांना कन्फ्यूशियस विचारतो: कुत्र्याघोड्यांनाही आपण खायला घालतोच, मनात आदर नसेल तर फरक काय?

याच परंपरेतला पुढचा विचारवंत वांग यांगमिंग (१४७२–१५२९) तरुणपणी वस्तूंचा शोध घ्यायचा म्हणून सात दिवस बांबूकडे बघत बसला आणि आजारी पडला. पुढे त्याने ‘वस्तू’चा अर्थच बदलला: मन ज्या व्यवहारात गुंतलंय तो व्यवहार. त्याच्याकडे येणारा एक अधिकारी म्हणाला, तुमची शिकवण पटते, पण दप्तर आणि खटले यांतून सवडच मिळत नाही. वांगचं उत्तर माझ्या मते या साऱ्या वादाचा कणा आहे. दप्तर सोडून हवेत अभ्यास कर, असं मी कधी सांगितलं? खटला चालवतोस ना, तिथेच कर. समोरचा उर्मटपणे बोलला म्हणून चिडू नकोस. गोड बोलला म्हणून खूश होऊ नकोस. त्याने वशिला लावला याचा राग धरून शिक्षा वाढवू नकोस. गयावया केली म्हणून वाकू नकोस. कुणी कान भरले म्हणून तसा निकाल देऊ नकोस. आणि स्वतःची कामं खोळंबलीत म्हणून घाईघाईत खटला उरकू नकोस.