‘आजीबाईचा बटवा’ म्हणणाऱ्या सरांना

सर, कोंबड्यांना हळद-लसूण द्यायच्या माझ्या लेखाखालची तुमची कमेंट वाचली. ‘आजीबाईच्या बटव्यावर शेड चालत नसतं, असलं वाचून लोक लस सोडतात, प्रमाण चमच्यात सांगता, आणि हळदीतलं कर्क्युमिन अंगाला लागतच नाही.’ प्रमाणाचं मान्य. कुणाचा चमचा केवढा, ग्रॅममध्येच द्यायला पाहिजे होतं. खाद्याच्या 50 किलोच्या पोत्याला 250 ग्रॅम हळद, बास. लेखात घालतो.

पण बटवा? ही काय बोलायची पद्धत झाली? आमच्याकडं खानापूर तालुक्यात वडिलांच्या वेळेपासनं कोंबड्या आहेत, परसातल्या गावठीपासनं कंपनीच्या करारावरच्या ब्रॉयलरपर्यंत सगळं करून झालंय, मर लागल्यावर खड्डा काढून चुना टाकायचं काम पण ह्याच हातांनी केलंय, तेव्हा कमेंट लिहिणारं कोण बांधावर आलं नव्हतं. आता शेडात गिरिराज आहेत, ती जात बेंगळूरच्या हेब्बाळच्या व्हेटर्नरी कॉलेजातलीच, म्हणजे शास्त्राशी माझं वाकडं नाही.

आणि हसायच्या आधी एवढं बघा की, युरोपनं वाढीसाठी खाद्यात अँटिबायोटिक घालायचं 2006 पासनं बंद केलं, आपल्याकडं 2019 ला कोंबड्या-जनावरांना द्यायच्या कोलिस्टिन ह्या अँटिबायोटिकवर बंदी आली, आणि आता ओव्यातला थायमॉल, लसणाचा अर्क हे मोठमोठ्या कंपन्याच डब्यात भरून विकतात. त्यांना नाही कोण बटवा म्हणत.

लस सोडा असं मी कुठं लिहिलंय, दाखवा. राणीखेत रोगाची लासोटा लस सातव्या दिवशी, गंबोरो रोगाची चौदाव्याला, आणि त्या दिवशी पाण्यात दुसरं काहीच घालत नाही. राणीखेत आल्यावर हळदीनं काय होणार, एवढं कळतंय आम्हाला.

उलट मी त्या लेखात शेडात खाली पसरायच्या तुसावर जास्त लिहिलं होतं. रोज सकाळी पाण्याच्या भांड्याजवळचं तूस मुठीत दाबून बघायचं, सुटं पडलं तर बरं, लाडू वळला तर उपसून कोरडं टाकायचं, नाहीतर अमोनियानं आपलेच डोळे चुरचुरतात आणि रक्ती हगवण तिथनंच लागते, मग लसूण किती पण घाला. तुम्ही नुसतं शीर्षक वाचून आलासा वाटतं.

कर्क्युमिनचं राहू द्या, त्यावर वाद घालायला मला टाइम नाही.

खानापूरकडं आलासा तर शेड बघायला या, राग नाही. फक्त दारातल्या औषधाच्या पाण्यात पाय बुडवूनच आत, डॉक्टर असा नाहीतर कोण असा.