पावसाळ्यात युकुलेलेच्या आतल्या पट्ट्या चिकटवू नका
युकुलेले (गिटारसारखं छोटं, चार तारांचं वाद्य) बनवण्यावरच्या लेखात कॉन्सर्ट म्हणजे मधल्या आकाराच्या युकुलेलेच्या वरच्या फळीची जाडी 3 मिमी दिली आहे. ती जास्त होते. नायलॉनच्या चार तारांचा ताण गिटारच्या मानाने फारच कमी, त्यामुळे एवढी जाड फळी नीट हलतच नाही आणि आवाज बसका येतो. 2 मिमीच्या आसपास आणा.

नाशिकमध्ये खरी गोम हवेची आहे. जुलै-ऑगस्टमध्ये लाकूड ओल धरून फुगलेलं असतं. तेव्हा फळीला आतून आधार देणाऱ्या आडव्या पट्ट्या चिकटवल्या, की एप्रिलच्या कोरड्या हवेत फळी रुंदीत आक्रसते. पट्ट्या मात्र लांबीत जवळजवळ तेवढ्याच राहतात. मग फळी रेषेत चिरते. भिंतीवर साधं आर्द्रतामापक लावा आणि 45-50 टक्के असेल तेव्हाच हे काम काढा. सागवान असेल तर चिकटवण्याच्या अगदी आधी ॲसिटोनने पुसा, नाहीतर तेलकटपणामुळे सांधा सुटतो.

घोडीबद्दल, म्हणजे फळीवर चिकटवलेल्या आणि तारा पेलणाऱ्या लाकडी तुकड्याबद्दल, लेखात एकच ओळ आहे, आणि चुका तिथेच होतात! स्केल (तारेची हिशोबाची लांबी) 380 मिमी असेल, तर नटपासून (मानेच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) बारावा फ्रेट (मानेवरची धातूची आडवी पट्टी) 190 वर, पण सॅडल (घोडीवर तारा टेकतात ती पट्टी) 380 वर नाही, साधारण 2 मिमी मागे. नाहीतर वरचे सूर चढे लागतात. घोडीखालचं पॉलिश आधी खरवडून काढा. पॉलिशवर चिकटवलेली घोडी आज ना उद्या उखडतेच.