वेणुग्रामचे रट्ट राजे

बेळगावच्या इतिहासावरचा तुमचा लेख आवडला, पण बेळगावची सुरुवात तुम्ही आदिलशाहीपासून केलीत, ते मनाला लागलं. बहमनी वजीर महमूद गावानने 1473 च्या सुमारास इथला किल्ला बहमनींसाठी जिंकला आणि आदिलशाही तर त्याच्याही नंतरची. त्याआधी हे गाव रट्ट राजांची राजधानी होतं. त्यांचं मूळ ठाणं सौंदत्ती, तिथून ते वेणुग्रामला, म्हणजे बेळगावला आले. वेणू म्हणजे बांबू.

किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे तिथलं जैन मंदिर, एकदा सावकाश बघा. रट्ट राजा चौथ्या कार्तवीर्याचा मंत्री बिचिराज याने ती 1204 च्या सुमारास बांधवली. मंडपाच्या छतातून उमलत खाली आलेलं ते दगडी कमळ! शाळेच्या सहलीत पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा मान दुखेपर्यंत वर बघत उभी होते. आजही पाहुणे आले की त्यांना आधी तिथेच नेते. पुढे हा मुलूख देवगिरीच्या यादवांकडे गेला.

आणि आमच्या खानापूर तालुक्यातली हलशी कशी राहून गेली? ती कदंब राजांची पलाशिका; हे तिचं जुनं नाव. तिथल्या ताम्रपटांत पाचव्या-सहाव्या शतकातले राजे भेटतात. पुढच्या भागात हलशीवर सविस्तर लिहा, ही कळकळीची विनंती.