‘सेवा म्हणजे धर्मांतराचे जाळे’ : एका दाव्याचा प्रतिवाद

ख्रिस्ती माणसांनी चालवलेले दवाखाने, वसतिगृहे आणि दुष्काळातली अन्नछत्रे यांविषयी एक मजकूर गेली काही वर्षे व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरत असतो. शब्द बदलतात, मुद्दे तेच राहतात: ही सेवा म्हणजे धर्मांतरासाठी लावलेले आमिष आहे, हे लोक मुद्दाम दलित, आदिवासी आणि आजारी माणसांनाच गाठतात, त्यांच्यामागे परदेशी पैसा असतो, आणि करुणा खरी असती, तर ती येशूचे नाव न घेताही करता आली असती. हा मजकूर पुढे पाठवणारे सगळेच तो द्वेषाने पाठवतात असे मला वाटत नाही. अनेकांना तो मनापासून पटलेला असतो आणि म्हणूनच त्याला मुद्द्यांनी उत्तर द्यायला हवे.

आधी जे खरे आहे ते मान्य करून टाकू. ख्रिस्ती धर्म हा प्रसार करणारा धर्म आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या शेवटी येशू आपल्या शिष्यांना सर्व राष्ट्रांत जाऊन शिष्य करण्याची आज्ञा देतो, आणि ती आज्ञा चर्चने कधी लपवलेली नाही. त्यामुळे ‘कोणी ख्रिस्ती व्हावे असे आम्हाला वाटतच नाही’ असे एखादा धर्मोपदेशक म्हणू लागला, तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये. पण इच्छा असणे आणि मदतीला अट घालणे यांत फरक आहे. आमिष म्हणायचे तर अट दाखवावी लागते: बाप्तिस्मा घेतलास तर औषध, नाहीतर घरी जा. दुसऱ्याच्या मनातला हेतू कोणालाच दिसत नाही. अट मात्र दिसते, तिची चौकशी करता येते आणि तिला साक्षीदारही सापडतात.

अटीचा प्रश्न शास्त्रापासूनच सुरू करू. लूकच्या शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायात दहा कुष्ठरोगी बरे होतात आणि आभार मानायला एकटाच परत येतो, तोही शोमरोनी, म्हणजे यहुदी समाजाने परका मानलेला. बाकीचे नऊ कोठे आहेत, असे येशू विचारतो. त्या प्रश्नात खंत आहे, पण त्या नऊ जणांचा रोग परत येत नाही. दहाव्या अध्यायातल्या दृष्टांतात वाटेवर लुटल्या गेलेल्या माणसाला एक शोमरोनी उचलून उतारशाळेत नेतो, मालकाला दोन दिनार देतो आणि जास्त खर्च झाला तर परतताना फेडीन असे सांगतो. जखमी माणसाचे नाव, गाव किंवा श्रद्धा यांपैकी काहीही त्याने विचारल्याचे त्या कथेत नाही. उलट, एक मतानुयायी मिळवण्यासाठी समुद्र आणि जमीन पालथी घालणाऱ्या धर्मपुढाऱ्यांवर येशूने कोरडे ओढले, ते मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायात कोणालाही वाचता येते. यावर कोणी म्हणेल की पोथीत काय लिहिले आहे त्यापेक्षा लोक काय करतात ते पाहा. ही मागणी रास्त आहे.

तेव्हा जामखेडकडे येऊ. डॉ. रजनीकांत आरोळे हे आपल्या नगर जिल्ह्यातलेच (आता अहिल्यानगर म्हणायचे). ते आणि त्यांच्या पत्नी डॉ. मेबल, दोघेही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकले; खेड्यातल्या गरिबांसाठी आयुष्य द्यायचे असे त्यांनी लग्नाच्या वेळीच ठरवले होते. नगर जिल्ह्यातल्याच वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात काही वर्षे काढल्यावर त्यांच्या लक्षात आले की बरा करून घरी पाठवलेला रुग्ण तेच पाणी पिऊन, तीच उपासमार सोसून पुन्हा दारात उभा राहतो. अमेरिकेत पुढचे शिक्षण घेऊन ते परतले आणि १९७० मध्ये जामखेडला त्यांनी सर्वांगीण ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला.

प्रशिक्षित परिचारिका खेड्यात टिकेनात, म्हणून गावानेच निवडलेल्या बायकांना आरोग्यसेविका करण्याचा मार्ग त्यांनी काढला. त्यांतल्या पुष्कळजणी निरक्षर होत्या आणि कित्येकजणी दलित होत्या. त्या जामखेडला येऊन शिकत आणि शिकलेले गावात नेत: बाळाचे वजन कसे करायचे, जुलाब लागलेल्या मुलाला मीठ-साखरेचे पाणी कसे पाजायचे, बाळंतपणात हात कसे धुवायचे आणि नाळ कापायचे पाते का उकळायचे, अंगावरच्या बधिर चट्ट्यावरून कुष्ठरोग कसा ओळखायचा. सवर्णांच्या घरात प्रथम त्यांना ओसरीपलीकडे कोणी येऊ देत नसे. मग कोणाचे पोर मरता मरता वाचे आणि त्या घरातली सासू स्वतः निरोप धाडी. दुष्काळात कूपनलिका घेताना पाण्याच्या जागा दलित वस्तीत निवडल्या गेल्या, म्हणजे गावाला पाण्यासाठी तिथे जाणे भागच पडले. जातीवर व्याख्यान देण्यापेक्षा हा उपाय मला जास्त ख्रिस्ती वाटतो, पण ते माझे मत झाले. आकडे मात्र मतावर अवलंबून नाहीत: १९७१ मध्ये प्रकल्पाच्या गावांत हजार जन्मांमागे १७६ बालके वर्षाच्या आत दगावत होती, पुढच्या पंचवीस वर्षांत हे प्रमाण तीसच्या खाली आले. या कामासाठी आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आता अट शोधा. आरोग्यसेविका निवडली गावाने, तिच्या घरातला देव्हारा होता तसाच राहिला, आणि ज्यांची पोरे वाचली ती घरे आजही आपापल्या जत्रांना जातात. आरोळे स्वतःची श्रद्धा लपवत नव्हते. येशूच्या शिकवणीमुळेच आपण हे करतो असे ते उघड सांगत. पन्नास वर्षे चाललेले काम जर जाळे असेल, तर ते लावणाऱ्यांना मासेमारी येत नव्हती असेच म्हणावे लागेल.

जामखेड हा अपवाद असेल, असे म्हणणाऱ्यांसाठी पूर्ण राज्याचे चित्र आहे. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही कमी होते. त्यांत वसईच्या आणि मुंबईच्या पोर्तुगीजकाळापासून ख्रिस्ती असलेल्या कुटुंबांचाही मोठा वाटा आहे. देशभरातले प्रमाण १९७१ मध्ये २.६ टक्के होते, ते २०११ मध्ये २.३ टक्के झाले. ईशान्येकडच्या काही राज्यांत ते वाढले हे खरे, पण सगळीकडे वाढत चालल्याचा जो गाजावाजा होतो त्याला या आकड्यांत आधार नाही. याहून बोलकी गोष्ट वेगळीच आहे. अमेरिकन मराठी मिशनने आणि इतरांनी शंभर वर्षांहून अधिक काळ ज्या महार समाजात शाळा आणि दवाखाने चालवले, तो समाज १९५६ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या मागे बौद्ध झाला. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात बौद्ध लोक ५.८ टक्के होते. बाबासाहेबांनी ख्रिस्ती धर्माचा अभ्यास केला होता, चर्चमधल्या जातिभेदावर टीका केली होती आणि आपला निर्णय आपण घेतला होता. त्याच्याही आधी जोतीराव फुले पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, मिशनऱ्यांशी स्नेह ठेवला आणि १८७३ मध्ये स्थापना केली ती सत्यशोधक समाजाची. मिशनच्या शाळेत शिकलेला माणूस स्वतःच्या डोक्याने विचार करू शकत नाही, हे या मजकुरामागचे गृहीतक मला मिशनऱ्यांपेक्षा दलित-बहुजनांचा जास्त अपमान करणारे वाटते.

जनगणनेच्या आकड्यांवर ‘सवलतींसाठी लोक धर्म लपवतात’ असे उत्तर येते. काही जण लपवतात, यात शंका नाही. पण मग आमिषाचा हिशेब उलटा होतो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीच्या सवलती हिंदूंना, १९५६ पासून शिखांना आणि १९९० पासून बौद्धांना मिळतात. ख्रिस्ती झालेल्या दलिताला मिळत नाहीत. म्हणजे लाभासाठीच धर्म ठरवायचा असेल, तर शहाणा माणूस बाप्तिस्म्याच्या वाटेला जाणारच नाही.

दुर्बळांनाच गाठतात या आक्षेपावर फार लिहिण्यासारखे नाही. सेवा दुर्बळांचीच करायची असते. धडधाकट सावकाराची शुश्रूषा कोण करील? कुष्ठरोग्याला घरच्यांनी वेशीबाहेर ठेवले तेव्हा त्याच्या जखमा बांधायला जे गेले त्यांत मिशनचे लोक होते, आणि पुढे ज्यांच्या मनात ख्रिस्तप्रचाराचा विचारही नव्हता ते बाबा आमटेही होते. तिथे गर्दी नव्हती. कोणालाही जाता आले असते.

परदेशी पैशाचा मुद्दाही थोडक्यात. १९व्या शतकात हा पैसा मोठ्या प्रमाणात आला आणि आजही येतो. परंतु २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगी नियमन कायद्याखालचा प्रत्येक रुपया प्रथम दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एकाच मुख्य शाखेत उतरतो आणि त्याचा वार्षिक हिशेब केंद्रीय गृहमंत्रालयाला द्यावा लागतो. हा नियम सर्व धर्मांच्या संस्थांना सारखाच आहे, आणि हिंदू संस्थांनाही परदेशातल्या भक्तांकडून देणग्या येतात. त्यात वावगे काहीच नाही.

खरा अवघड मुद्दा पुढे आहे, आणि तो त्या मजकुरात सहसा येत नाही. ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले, तेव्हा तिथे कोणाच्या धर्मात ढवळाढवळ होणार नाही असे आश्वासन होते. सदन पुण्यात आल्यावर काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या, गावात बोभाटा झाला, ‘केसरी’ने झोड उठवली आणि १८९३ मध्ये रानडे व भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. प्रार्थनेची सक्ती नव्हती हे रमाबाईंचे म्हणणे मला खरे वाटते. तरीही तटस्थतेच्या भरवशावर मुलगी ठेवणाऱ्या पालकाला फसवले गेल्यासारखे वाटले असेल, तर त्याला मी दोष देणार नाही. रमाबाईंनीच पुढे केडगावला काढलेल्या मुक्ती सदनाने आपले ख्रिस्तीपण उघड ठेवले, ते अधिक सरळ झाले. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून आणलेल्या निराधार मुली तिथे ख्रिस्ती वातावरणात वाढल्या, आणि लहान मुलीला निवड करता येत नाही हा आक्षेप सोपा नाही. त्याच्या दुसऱ्या बाजूला मात्र हे ठेवायला हवे की दुष्काळी छावण्यांतून मुली पळवून त्यांचा बाजार करणारे लोक तेव्हा मोकाट होते, आणि त्या मुलींना न्यायला दुसरे कोणी आले नव्हते.

रमाबाईंच्या करुणेचा उगमही पाहण्यासारखा आहे. त्यांचे आई-वडील आणि थोरली बहीण १८७० च्या दशकातल्या दुष्काळात उपासमारीने गेली. भूक त्यांनी बाप्तिस्म्याच्या कितीतरी आधी पाहिली होती. इंग्लंडमध्ये फुलहॅम येथे समाजाने टाकलेल्या स्त्रियांची सेवा करणाऱ्या भगिनी पाहून त्यांच्या मनाने वळण घेतले, असे त्यांनीच लिहून ठेवले आहे. १८८३ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावरही त्या इंग्रज धर्मगुरूंशी सिद्धांतांवरून भांडत राहिल्या. अशा बाईला कोणी आमिष दाखवले असे म्हणायला तिचे चरित्रच वाचलेले नसावे लागते.

राहिला येशूचे नाव न घेण्याचा सल्ला. नांदेडच्या गुरुद्वाऱ्यातला लंगर गुरूंच्या नावाने चालतो, वारीच्या वाटेवर पिठले-भाकरी वाढणारा माणूस ‘माउली’ म्हणूनच वाढतो, आणि तिथे कोणी ‘देवाचे नाव बाजूला ठेवून वाढा’ असे म्हणत नाही. ज्या श्रद्धेमुळे माणूस रात्री उठून बाळंतपणाला जातो, तीच लपवायला सांगणे म्हणजे त्याला खोटे वागायला सांगणे आहे.

ख्रिस्ती समाजाला मात्र एका गोष्टीचे उत्तर द्यावेच लागेल, आणि ती गोष्ट म्हणजे चंगाई सभा. ‘औषध सोडा, प्रार्थनेने कर्करोग जाईल’ असे मांडवातून सांगणारा माणूस सेवा करत नसून आजाऱ्याच्या भीतीवर जगत असतो. त्याला चर्चने जाहीरपणे विरोध केला पाहिजे, कारण जामखेडचे आणि वेल्लोरचे नाव त्याच्यामुळे खराब होते. धान्यासाठी बाप्तिस्म्याची अट कोणी घालत असेल, तर त्याच्याविरुद्ध कायद्याची वाटही उघडी आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात स्पष्ट केले की आपल्या धर्माचा प्रसार करण्याच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, आणि जबरदस्ती, फसवणूक किंवा प्रलोभनाने होणारे धर्मांतर रोखणारे राज्यांचे कायदे त्या निकालात वैध ठरले. तेव्हा ज्यांनी अशी अट पाहिली असेल त्यांनी संस्थेचे नाव, गाव आणि दिवस लिहून तक्रार द्यावी. माझ्यापर्यंत आलेल्या एकाही मजकुरात यांतले काहीच नव्हते.