गुरूचे चंद्र, मारियस आणि दहा दिवसांचा फरक

नमस्कार,

गुरूच्या चंद्रांवरच्या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: जर्मनीतला खगोलनिरीक्षक सायमन मारियस याने हे चंद्र 29 डिसेंबर 1609 ला पाहिले आणि गॅलिलिओने 7 जानेवारी 1610 ला. म्हणजे मारियस नऊ दिवस आधी, तरी मी सगळं श्रेय गॅलिलिओला दिलं. शिवाय दुर्बीण गॅलिलिओची नव्हती, आणि गुरूला चार चंद्र सापडले म्हणून पृथ्वी सूर्याभोवती फिरते असं सिद्ध होत नाही.

आधी तारखा बघू, कारण मुख्य आक्षेप त्यांच्यावरच उभा आहे. मारियस आन्सबाखला राहायचा. तो प्रोटेस्टंट मुलूख. पोप ग्रेगरीने 1582 मध्ये केलेली कॅलेंडरची दुरुस्ती तिथे अजून मानत नव्हते. इटलीत पादुआला गॅलिलिओ मात्र नव्या कॅलेंडरप्रमाणे तारखा टाकत होता. दोन्हींत तेव्हा दहा दिवसांचा फरक होता. मारियसचा 29 डिसेंबर म्हणजे गॅलिलिओचा 8 जानेवारी. एकाच कॅलेंडरवर मांडलं तर मारियसची पहिली नोंद गॅलिलिओच्या पहिल्या नोंदीनंतर एका दिवसाने येते. नोव्हेंबरअखेरपासूनच आपल्याला गुरूजवळ हे तारे दिसत होते, असंही मारियस म्हणतो. पण ते तो 1614 मध्ये छापलेल्या पुस्तकात म्हणतो, आणि नोंदी ठेवायला सुरुवात केली ती 29 डिसेंबरला, हेही त्याचंच सांगणं आहे.

तरीही एका दिवसाच्या आघाडीमुळे गॅलिलिओ मोठा ठरतो असं मला वाटत नाही. त्याने त्या आठवड्यात जे केलं त्यासाठी मी लेख लिहिला होता. 7 जानेवारीला त्याला गुरूजवळ एका रेषेत तीन बारीक तारे दिसले, दोन पूर्वेला, एक पश्चिमेला. (आयो आणि युरोपा हे दोन चंद्र त्या रात्री इतके जवळ होते की त्याला ते एकच वाटले, असं आजच्या गणिताने दिसतं.) हे नेहमीचे स्थिर तारे असावेत असं त्याने धरलं. दुसऱ्या रात्री तिन्ही पश्चिमेला! गुरू तेव्हा वक्री होता. म्हणजे ताऱ्यांच्या मानाने तो पश्चिमेकडे सरकायला हवा आणि तारे त्याच्या पूर्वेला मागे पडायला हवेत. दिसत होतं नेमकं उलट. गॅलिलिओच्या मनात पहिली शंका आली ती ग्रहगणिताच्या कोष्टकांबद्दल: गुरू वक्री नसून मार्गी, म्हणजे पूर्वेकडे सरकणारा, आहे की काय? 9 तारखेला ढग आले. 10 तारखेला फक्त दोन तारे, दोन्ही पूर्वेला. आता कोष्टकांची चूक धरूनही हिशेब जुळेना. गुरू एक दिवस पूर्वेला आणि लगेच पश्चिमेला अशा उड्या मारणार नाही. हलत असतील तर ते तारेच. 11 तारखेला त्याने निष्कर्ष काढला की हे तारे गुरूभोवती फिरतात. 13 तारखेला चौथा दिसला.

या निरीक्षणांच्या गॅलिलिओच्या हातच्या नोंदी आज फ्लोरेन्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत.  (मिशिगन विद्यापीठातला अशाच आकृत्यांचा प्रसिद्ध कागद मात्र 2022 मध्ये बनावट ठरला.) फ्लोरेन्सच्या नोंदींची चित्रं जरूर शोधून पाहा. विचार बदलत जाणं इतक्या स्पष्टपणे कागदावर उमटलेलं मी फार कमी ठिकाणी पाहिलं आहे.

2 मार्चपर्यंतची निरीक्षणं त्याने तारीख, वेळ आणि आकृतीसह छापली, आणि 13 मार्चला पुस्तक व्हेनिसमध्ये बाहेरही पडलं. त्यामुळे ज्याच्याकडे बरी दुर्बीण होती त्याला ते पडताळता आलं. जर्मन खगोलशास्त्रज्ञ केप्लरने त्याच वर्षी ऑगस्टअखेर ते चंद्र स्वतः पाहिले, इंग्लंडमध्ये गणितज्ञ हॅरियटने ऑक्टोबरमध्ये, आणि वर्ष संपेपर्यंत रोमच्या जेझुइट (एका कॅथलिक धर्मसंघाच्या) गणितज्ञांनीही दुजोरा दिला. मारियसचं पुस्तक येईपर्यंत चार वर्षं उलटली होती. श्रेय मी याच फरकावर दिलं आणि पुन्हा लिहायला बसलो तरी तसंच देईन.

मारियसवर अन्याय झाला, हे मात्र तुमचं अगदी खरं. गॅलिलिओने 1623 च्या पुस्तकात त्याला सरळ चोर म्हटलं. कॅलेंडरचा फरक दाखवून दिला तो योग्यच होता, पण पुढे जाऊन ती पहिली नोंद आपल्याच दुसऱ्या रात्रीची नक्कल असल्याचं त्याने सुचवलं. मारियसचा एक शिष्य, काप्रा, याने पूर्वी गॅलिलिओचं लेखन खरोखर चोरलं होतं. तो राग गॅलिलिओच्या मनात होता. 1903 मध्ये आऊडेमन्स आणि बोसखा या डच अभ्यासकांनी नोंदी तपासल्या, आणि मारियसचं काम स्वतंत्र असल्याचं दाखवलं. त्याने तर आपल्या पुस्तकात इटलीतल्या शोधाचं श्रेय गॅलिलिओला मोकळेपणाने दिलं आहे. एवढी कटुता त्याच्या वाट्याला यायला नको होती.

दुर्बीण हॉलंडहून आली, 1608 मध्ये, हे लेखात आहेच. पण सुरुवातीच्या दुर्बिणी तिपटीच्या आसपास मोठं दाखवायच्या. गॅलिलिओने स्वतः भिंगं घासून ती वीस पटीच्या घरात नेली. तिचं दृष्टिक्षेत्र इतकं अरुंद होतं की पूर्णचंद्रही त्यात एका वेळी मावत नसे. तशा नळीतून रात्रीमागून रात्र गुरू पकडून ठेवणं हे कष्टाचं काम होतं.

राहिला सूर्यकेंद्री सिद्धांत. चंद्रांनी तो सिद्ध झाला असं मी लिहिलेलं नाही. डॅनिश खगोलशास्त्रज्ञ टायको ब्राहेच्या रचनेतही, जिथे सूर्य पृथ्वीभोवती आणि इतर ग्रह सूर्याभोवती फिरतात, गुरूला चंद्र असायला काहीच हरकत नाही. खुद्द मारियस त्याच रचनेचा होता. पण सूर्यकेंद्री सिद्धांत मांडणाऱ्या कोपर्निकसवर एक वजनदार आक्षेप होता: पृथ्वी धावत असेल तर चंद्र तिच्याबरोबर कसा राहतो, मागे का पडत नाही? गुरू फिरतो हे तर दोन्ही पक्षांना मान्य होतं, आणि तो चार चंद्र बरोबर घेऊन फिरताना दिसला. चंद्र मागे कसा पडत नाही याचं कारण तेव्हा कुणालाच सांगता येत नव्हतं, तरी तो आक्षेप तिथे संपला.

लेखाचं शीर्षक बदलावं ही तुमची सूचना मी स्वीकारत नाही. मात्र आयो, युरोपा, गॅनिमिड, कॅलिस्टो ही नावं मारियसच्या पुस्तकातून आली आणि ती त्याला केप्लरने सुचवली होती, याची ओळ आजच लेखात घालतो. मारियसच्या 1614 च्या पुस्तकाचं एखादं चांगलं भाषांतर तुमच्या पाहण्यात असेल तर इथेच खाली कळवा. त्यातल्या चंद्रांच्या कोष्टकांवर वेगळा लेख लिहायचा आहे.