धूर सोडा, वाफ धरा!

तर मंडळी, पन्नाशी उलटली, दुसऱ्या मजल्यावर पोचलं की थांबून मोबाईलमध्ये काहीतरी महत्त्वाचं बघितल्याचं नाटक करावं लागतंय, आणि सकाळचा तुमचा खोकला ऐकून खालच्या मजल्यावरचे लोक दूध तापवायला ठेवतात, म्हणजे वेळ झाली. सिगारेट सोडायची? छे, एवढ्या टोकाला कशाला जायचं. व्हेपवर, म्हणजे त्या बॅटरीवाल्या ई-सिगारेटवर यायचं. मी आलोय ना. १९९४ साली इंजिनियरिंगच्या सेकंड इयरला सबमिशनच्या रात्री पहिली ओढली, ती "फक्त आजच्यापुरती" होती, आणि तो आज एकतीस वर्षं चालला. त्यावर आता चार महिन्यांचा व्हेपचा अनुभव. तेव्हा सल्ला द्यायचा अधिकार माझा नाही तर कोणाचा?

पहिली टिप. डॉक्टरांना अजिबात विचारू नका. मी विचारलं. "डॉक्टर, सिगारेटच्या ऐवजी व्हेप घेतली तर कसं?" डॉक्टरांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, "सोडा." म्हटलं, "हो पण ते जमत नाही म्हणूनच..." "मनात आणलं तर जमतं." पाचशे रुपये. एकतीस वर्षं मी मनात आणलं नव्हतं एवढंच काय ते राहिलं होतं. दाराशी पोचल्यावर मागून म्हणाले, निकोटिनचं च्युइंगम घ्या. घेतलं. दोन मिलिग्रॅमचं, मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळतं. आणि मी ते च्युइंगमसारखं चघळलं, कारण त्याचं नावच च्युइंगम आहे. मग मीटिंगमध्ये चाळीस मिनिटं उचक्या. नंतर पाकिटातला कागद वाचला तर त्यात लिहिलेलं, थोडं चावायचं, झिणझिण्या आल्या की गालात दाबून ठेवायचं. म्हणजे आमच्या आजोबांनी जे तंबाखू-चुन्याचं केलं तेच. दोन पिढ्या शिकलो आणि परत गालात गोळी.

दुसरी टिप. घरच्यांना आणि नातेवाईकांना सांगून टाका, फार आधार मिळतो. ज्यांनी एकतीस वर्षं माझ्या सिगारेटबद्दल चकार शब्द काढला नाही (लग्नकार्यात उलट "भावजींसाठी बाल्कनीत खुर्ची टाका रे" अशी सोय केली) त्या सगळ्यांना व्हेप म्हटल्यावर माझ्या फुफ्फुसांची काळजी वाटायला लागली. मेहुणे स्वतः दिवसाला एक पाकीट. बाल्कनीत शेजारी उभं राहून, तोंडात पेटलेली ठेवून मला सांगतात, "ते फार डेंजर असतं हां, फुफ्फुसात पॉपकॉर्न होतं." त्यांना खरंच वाटतंय की आत फट फट लाह्या फुटतात. अहो, ते अमेरिकेत पॉपकॉर्नच्या कारखान्यातले कामगार आजारी पडले होते, लोण्याच्या वासाचं एक केमिकल नाकातोंडात जाऊन, म्हणून तसं नाव पडलं. पण ते सांगायला मी तोंड उघडलं तेवढ्यात त्यांनी दुसरी पेटवली.

तिसरी. फ्लेवर आंब्याचा घ्या. आमच्या हिने पहिल्या दिवशी स्वयंपाकघरातून विचारलं, "अहो, फणस कोणी फोडलाय का?"

चौथी. केबल जवळ ठेवा. सिगारेटला काडेपेटी लागायची, ती अनोळखी माणसाकडेही मागता यायची, त्यातून ओळखी व्हायच्या, माझे दोन जिवलग मित्र काडी मागण्यातून झालेत. व्हेपची बॅटरी उतरली की ऑफिसातल्या चोवीस वर्षांच्या पोराकडे जाऊन चार्जिंगची केबल मागावी लागते आणि तो "काय चार्ज करायचंय सर?" विचारतो तेव्हा "हे... हे आपलं ते" म्हणावं लागतं.

पाचवी, आणि ही नीट ऐका. सिगारेट संपते. हा तिचा मोठाच दोष होता. पाच-सात मिनिटांत फिल्टरपाशी येते, बोटं भाजतात, टाकावी लागते, टाकून परत कामाला लागावं लागतं. व्हेपला असं काही नाही. ती सुरूही होत नाही आणि संपतही नाही. खाली उतरायला नको, पावसात टपरीच्या पत्र्याखाली उभं राहायला नको, सार्वजनिक ठिकाणी ओढली म्हणून दोनशे रुपये दंडाची भीती नको (ती सिगारेटला तरी कोणाला होती म्हणा). बाथरूममध्ये एक, गाडीत सिग्नलला एक, झोपताना उशीखालून काढून दोन. मला महिन्याभराने कळलं की आधी मी दिवसातून बारा वेळा ओढायचो, आता एकदाच ओढतो, सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत.

आता मुख्य मुद्दा, खरेदी. इथे जरा सावकाश जाऊ कारण गेल्या मंगळवारचं अजून डोक्यात आहे.

तुम्हाला माहीतच असेल, १८ सप्टेंबर २०१९ ला केंद्र सरकारने ई-सिगारेट बंद केली. वटहुकूम काढला, डिसेंबरात कायदा झाला. बनवायची नाही, आणायची नाही, विकायची नाही, साठवायची नाही, जाहिरात करायची नाही. विकताना सापडलात तर पहिल्यांदा एक वर्ष कैद किंवा एक लाख दंड किंवा दोन्ही, परत सापडलात तर तीन वर्षं आणि पाच लाख. साधी साठवून ठेवली तरी सहा महिने किंवा पन्नास हजार. किती कडक! आणि हे सगळं कशासाठी तर जनतेच्या, विशेषतः तरुणांच्या आरोग्यासाठी. सिगारेट मात्र चालू, कारण सिगारेटने काय होतं ते सगळ्यांना आधीच माहिती आहे, पाकिटावर ८५ टक्के जागेत त्याचा फोटो आणि इशाराच असतो, त्यात नवीन काळजी करण्यासारखं काही नाही.

तेव्हा कायदा पाळणारा नागरिक म्हणून मी व्हेप कुठे घेतली असेल? टपरीवर. वीस वर्षांची ओळख असलेल्या टपरीवर. "शेठ, ते असतं का?" "कोणतं साहेब, पाच हजार पफवालं का नऊ हजारवालं?" एवढी गुप्तता. शेठनी बिस्किटांच्या बरणीमागून डबा काढला, त्यात रांगोळीच्या रंगांसारख्या लायनीत लावलेल्या, निळी, गुलाबी, पोपटी. नऊ हजारवाली दोन हजार आठशेला. बिल? बिल मागितलं असतं तर शेठ हसून हसून बाकड्यावरून पडले असते. बॉक्सवर पाच टक्के निकोटिन लिहिलेलं, आत खरंच किती आहे ते बनवणाऱ्याला तरी माहिती असेल का कोण जाणे. माझा भाचा इंग्लंडात लेस्टरला असतो, तो म्हणाला, "मामा, इकडे दोन टक्क्यांच्या वर विकायलाच परवानगी नाही, आणि टाकी दोन मिलीची." तिकडे म्हणे सरकारच दहा लाख स्मोकर्सना सिगारेट सोडायला फुकट किट द्यायला निघालं २०२३ मध्ये, आणि वापरून फेकायच्या ज्या असतात त्या मात्र जून २०२५ पासून बंद केल्या, कारण शाळेतली पोरं ओढायला लागली. म्हणजे म्हाताऱ्याला द्यायची आणि पोराच्या हातातली काढायची. आपल्याकडे बरोबर उलटं करून दाखवलंय, कसं ते सांगतो.

नऊ हजार पफ. चौथ्या दिवशी मेली. आधी जळक्या कापसाची चव आली, मग शर्टाच्या खिशात गळली, मग तिचा दिवा दहा वेळा लुकलुकला आणि संपलं. चार दिवसांत नऊ हजार ओढायला मी काय भट्टीचा भाता आहे? गेलो टपरीवर, मंगळवारी संध्याकाळी साडेपाचला. म्हटलं, "शेठ, ही बंद पडली, बदलून द्या." शेठ माझ्याकडे असे बघतात की जणू मी बिबट्याचं कातडं घेऊन आलोय. "कसली व्हेप साहेब? आपण असलं काही ठेवत नाही. बॅन आहे ते." अहो, त्याच डब्यातून, त्याच हाताने! "नाही नाही साहेब, तुमची काहीतरी गल्लत होतेय."

मी उभा राहिलो. आणि उभं राहून बघत बसलो, दुसरं काय करणार, ग्राहक मंचात काय घेऊन जाऊ? बेकायदा वस्तू सदोष निघाली म्हणून? बघतोय तर एक जण आला, एक सुटी छोटी गोल्ड फ्लेक घेऊन, दोरीला टांगलेल्या लायटरने पेटवून गेला. सुटी सिगारेट विकणं महाराष्ट्रात सप्टेंबर २०२० पासून बंद आहे. पुढचा आला, दोन पुड्या घेतल्या, एक पानमसाल्याची एक तंबाखूची, तिथेच एकात एक ओतून हलवून तोंडात टाकली. गुटखा महाराष्ट्रात २०१२ पासून बंद आहे, म्हणून तो दोन पुड्यांत मिळतो. समोर, रस्ता ओलांडला की, ज्युनियर कॉलेजचं गेट. शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायचा नाही हा कायदा २००३ चा. म्हणजे त्या चार बाय सहाच्या खोक्यात मी एका जागी उभं राहून चार बंद्या मोजल्या आणि चारही उघड्या होत्या, फक्त माझी तक्रार तेवढी बंद.

आणि मग ती तीन पोरं आली. पाठीवर सॅक, एकाच्या ओठावर जेमतेम लव. सतरा वर्षांची असतील, तीही माझ्या समाधानासाठी म्हणतोय. "काका, ब्लूबेरी आहे?" आणि शेठनी, ज्यांच्या मते दोन मिनिटांपूर्वी माझी गल्लत होत होती त्या शेठनी, बरणीमागून तोच डबा काढला. माझ्यासमोर! वर डेमो दिला, कसं धरायचं, किती वेळ ओढायचं, खोकला आला तर घाबरायचं नाही. तिघांत वर्गणी काढून एक घेतली. गेली. शेठ मला म्हणाले, "बघा साहेब, ही पोरं कधी तक्रार घेऊन येत नाहीत."

सहावी टिप... कसली टिप. राहू दे.

शेठ, तू वीस वर्षं मला "साहेब" म्हणतोस, म्हणून आज अरेतुरे ऐक. मी एक्कावन्न वर्षांचा घोडा आहे, माझं जे व्हायचं ते माझ्या हाताने झालंय, मला तू काहीही विक. पण त्या पोरांनी आयुष्यात एक सिगारेट ओढलेली नाही रे, त्यांना काहीच सोडायचं नव्हतं! सोडायला म्हणून निघालेली वस्तू (ज्या चिनी माणसाने २००३ च्या सुमारास ती काढली तो स्वतः दाबून सिगारेट ओढायचा, त्याचे वडील फुफ्फुसाच्या कॅन्सरने गेले) ती तू धरायला देतोयस, ब्लूबेरीच्या वासात, पाच टक्के, आत काय भरलंय ते तुला ठाऊक नाही आणि विचारायची तुला गरजही नाही. अमेरिकेत २०१९ ला व्हेपिंगने धडधाकट पोरं दवाखान्यात भरती झाली, साठाच्या वर माणसं मेली, ती बहुतेक चोरट्या बाजारातल्या गांजाच्या तेलाने, त्यात काहीतरी भलतं मिसळलं होतं. ज्या वर्षी तिकडे चोरटा माल माणसं मारत होता त्याच वर्षी आपण अख्खा बाजार चोरट्यांच्या हातात दिला आणि वर टाळ्या वाजवल्या. ज्यांनी कायदा केला त्यांनी नंतर एकदा तरी कुठल्या टपरीच्या बरणीमागे बघितलंय का? हवालदार तिथेच चहा पितो, त्याला गुलाबी-पोपटी दिसत नाही?

आणि तुम्ही, हे वाचून माना डोलावणारे. खिसे दाखवा. एका खिशात व्हेप, दुसऱ्यात पाकीट, हो ना? मलाही तसंच वाटत होतं, दिवसाच्या बारा सिगारेटींवरून पाचावर आलो, अर्ध्याहून जास्त जिंकलो. काही जिंकलेलं नाही. हृदयाला दिवसाची एक सिगारेटसुद्धा वीस सिगारेटींच्या जवळजवळ निम्मा धोका देते, विसावा हिस्सा नाही, निम्मा, आपण तर पाच ओढतोय आणि वर फणसाचा वास काढतोय. बदलायचं तर पूर्ण बदला, नाहीतर ते उचकीवालं गम गालात धरा आणि पाकिटावर तो सिगारेट सोडायला मदत करणाऱ्यांचा १८००-११-२३५६ नंबर छापलेला असतो तो लावा, मी काल रात्री लावला, आणि पलीकडच्या माणसाने मला "मनात आणा" म्हटलं नाही, पहिली कधी ओढता ते विचारलं, उठल्यावर किती मिनिटांनी, एवढ्या वर्षांत हे मला कोणी विचारलंच नव्हतं. ते असो, माझं मी बघतो.

पण शेठ, माझे दोन हजार आठशे टाक.