पायाळू नात आणि सहा आठवड्यांची सोनोग्राफी: एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

पायाळू बाळाच्या खुब्याची वाटी उथळ राहिलेली किंवा सांधा निसटलेला असू शकतो, म्हणून सहा आठवड्यांनी खुब्यांची सोनोग्राफी करा, असं मी लेखात लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं: नात पायाळू जन्मली, डॉक्टरांनी तेव्हाच खुबे फिरवून पाहिले, ‘खट्’ झालं नाही. मग सहा आठवड्यांनी सोनोग्राफी कशाला? वाटलंच तर पाचव्या महिन्यात एक्स-रे काढू. शिवाय असे लेख म्हणजे आमचं दुकान चालवायची सोय. दुकानाचं म्हणाल, तर एक्स-रेही आमच्याच दुकानात निघतो!

‘खट्’ होतं ते मांडीच्या हाडाचा गोळा कमरेच्या हाडातल्या वाटीतून निसटत असेल किंवा परत आत बसत असेल तेव्हा. वाटी नुसतीच उथळ असेल, तर कितीही अनुभवी हाताला काही लागत नाही.

एक्स-रेची अडचण निराळी. जन्मतः मांडीच्या हाडाचा वरचा गोळा सगळा कूर्चेचा असतो; त्यात हाड धरायला साधारण चौथा ते सहावा महिना उजाडतो. तोवर फिल्मवर गोळ्याच्या जागी काहीच दिसत नाही, रेघा मारून अंदाज बांधायचा. सोनोग्राफीत बाळाला कुशीवर धरून प्रोब (मशीनचा हातात धरायचा भाग) बाहेरून खुब्यावर उभा टेकवला, की कमरेच्या हाडाची सरळ पांढरी रेघ आणि वाटीतला काळसर गोळा समोर येतो. ती रेघ आणि वाटीचं छत यांच्यातला कोन मोजायचा. ऑस्ट्रियाच्या राइनहार्ड ग्राफ यांनी १९८० साली मांडलेली ही पद्धत. ६० अंश किंवा जास्त असेल तर निश्चिंत. पहिल्या तीन महिन्यांत ५० ते ५९ आला, तर बहुतेकदा फक्त पुन्हा पाहायचं. प्रोब जरा तिरपा झाला तरी कोन बदलतो, म्हणून बाळांचे खुबे नेहमी पाहणाऱ्याकडेच जा. (ही हवं तर दुकानदारी समजा.)

ऑस्ट्रियात ही सोनोग्राफी सरसकट सगळ्या बाळांची करतात. मी तेवढं म्हणत नाही. जन्मल्याजन्मल्याही नको, तेव्हाचा सैलपणा बहुधा आपसूक जातो. पण पायाळू, त्यात मुलगी, म्हणजे धोका जास्त. सिझेरियन झालं असलं तरी. दोष सापडलाच, तर पाव्हलिक पट्टा (बाळाचे पाय दुमडून फाकलेले धरणारा) सहा महिन्यांच्या आत चांगलं काम करतो. पुढे बहुधा भूल देऊन सांधा बसवणं आणि कमरेपासून प्लॅस्टर. पाचव्या महिन्यापर्यंत थांबलात, तर पट्ट्याला वेळच कुठे उरला?

पायाळूची लाथ बसली की उसण जाते म्हणतात. ते नात मोठी झाल्यावर पाहू, आधी तिचे खुबे पाहू.

आणि घरी सांगा, दुपट्यात पाय सरळ ताणून करकचून बांधू नका. खाली सैल ठेवा, पाय बेडकासारखे दुमडून फाकलेले राहू द्यात.